तिसगावचे जर्मन

तिसगावच्या आठवडे बाजारात कानिफनाथ तात्यांचं दुकान शोधावं लागत नाही. उन्हात डोळे दिपले की समजावं, आलं. पातेली, डबे, ताटल्या, झाकण्या, सगळं जर्मनचं. शहरातली माणसं ज्याला ॲल्युमिनियम म्हणतात त्याला आपल्याकडे जर्मन म्हणतात. का म्हणतात, असं विचारणाऱ्याला तात्या गिऱ्हाईकच समजत नाहीत.

पण तात्यांचा जीव भांड्यांत नाही, फुटबॉलात. तरुणपणी ते ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेले आणि तिथलं फुटबॉलचं वेड घेऊन आले. बाकीचे ट्रकमधून बोचकी घेऊन उतरले, हे काखेत चेंडू घेऊन. छबूबाई तेव्हा नवी नवरी. तिनं कपाळाला हात लावला. "साऱ्यांच्या नवऱ्यांनी साड्या आनल्या, आमच्या नशिबी फुगा!"

माळावरचे दगड वेचून मैदान झालं. शेजारच्या गावाशी सामना ठरला. आता सामना म्हटला की बक्षीस हवं, आणि तात्यांकडे कप कुठला? शेवटी छबूबाईनंच घरातलं सगळ्यात मोठं जर्मनचं पातेलं आणून माळावर आदळलं. "जितंल त्यानं ह्यात रस्सा शिजवावा, हरंल त्यानं घासावं." तेव्हापासून सामना दरवर्षी जर्मनवर. पोरं 'जर्मन खेळायला चाललो' म्हणू लागली, आणि बारसं न होताच क्लबाला नाव पडलं: जर्मन.

क्लबाचं वर्ष साखर कारखान्याच्या चालीनं चालायचं. गाळप संपून पोरं गावी आली की खेळ सुरू. दसरा झाला, गाड्या भरल्या की गोलाच्या खांबांना शेळ्या बांधायच्या. एका वर्षी ऊसतोडीच्या मुकादमानं ऐन सामन्याच्या सकाळीच गाडी आणली, तर तात्यांनी मुकादमालाच गोलात उभं केलं. बिचाऱ्यानं टोपलीभर गोल खाल्ले, पण सामना संपेपर्यंत गाडी हलली नाही.

आता त्या पोरांची पोरं खेळतात. कप्तान आदिनाथ, तात्यांचा पुतण्या. यंदा नगरला, सावेडीच्या मोठ्या स्पर्धेत क्लबाला पहिल्यांदाच बोलावणं आलं, आणि आदिनाथ नवे शर्ट घेऊन तात्यांकडे आला. पाठीवर लिहिलेलं, 'तिसगाव टायगर्स'.

"तात्या, रागावू नका," तो खाली बघत म्हणाला. "नगरची पोरं इचारत्यात, तुमी जर्मनीचे का? आन खरं सांगितलं की जास्तच हासत्यात."

"हासू दे की. त्यांच्या हासन्यानं गोल व्हतो व्हय?"

"तुमाला न्हाई लागत तात्या. आमाला लागतं."

जन्मभर लेकरासारखा जपलेला क्लब, आणि त्याच्या नावाचीच पोरांना लाज वाटावी, हे तात्यांच्या जिव्हारी लागलं. "जा मग तुमी," ते म्हणाले. "माझं कोन हाय तिथं?" आदिनाथ गेल्यावर छबूबाई एवढंच म्हणाली, "रुसायला तुमी काय जावई हाय?" रविवारी सकाळी टेम्पोत सगळ्यात आधी तात्याच चढून बसले होते. बोलत मात्र कुणाशी नव्हते.

सावेडीच्या मैदानावर कर्ण्यातून पुकारा झाला, "तिसगाव टायगर्स, मैदानात या." आदिनाथ पाण्याचा जार आणायला फाटकाकडे गेलेला. बाकीची पोरं कडेला निवांत बूट बांधत बसली. दुसरा पुकारा झाला. पोरं मान वर करून इकडेतिकडे बघायला लागली, कोणाची टीम एवढा उशीर करतेय म्हणून! 'जर्मन' या हाकेला उठणारे कान त्यांचे, आणि नवं नाव तर पाठीवर; ते दिसणार कुणाला?

"तिसगाव टायगर्स, शेवटचा पुकारा. आला नाहीत तर सामना समोरच्या संघाला."

काय घोटाळा झालाय ते तात्यांच्या लगेच ध्यानात आलं. खरं सांगायचं तर घटकाभर त्यांना बरंच वाटलं. बसू देत. आपलं नाव टाकलं की काय होतं ते कळू दे. त्यांना काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पण नजर पोरांकडे गेली. दसरा तोंडावर आलेला. थोड्याच दिवसांत ही पोरं उसाच्या फडात असणार, आणि तिथं आठवायला त्यांना सावेडीचा हा एक सामना हवा होता. तात्या ताडकन उठले. 'जर्मन' अगदी ओठांवर आलं होतं. पण मांडवाखाली नगरची मंडळी बसलेली. ती हसली असती, आणि पोरं खाली माना घालून खेळायला उतरली असती. तात्यांनी ते नाव गिळलं.

"अरं ए टायगर!" ते बेंबीच्या देठापासून ओरडले. "उठा की! तुमालाच बोलवत्यात!"

मांडव खो खो हसला, पण तात्यांना हसला. पोरं धडपडत मैदानात पळाली. सामना दोन गोलांनी गेला, तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत एकही पोरगं थांबलं नाही. ओरडून ओरडून तात्यांचा घसा बसला होता. त्या पोरांवर त्यांचं किती प्रेम आहे, हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं.

संध्याकाळी छबूबाई दारातच उभी होती. "जितलं का जर्मन?"

"टायगर हरलं गं," चपला काढत तात्या म्हणाले. "जर्मन लई भारी खेळलं."