कुंकू लावलेलं पत्रक

मी चमत्कार मानत नाही. दीक्षेनंतर घरातले देव टोपलीत भरून मीच वैनगंगेत सोडले. तरी हे लिहून ठेवतो. कारण त्या दिवशी मी धम्माचं काम सोडायला निघालो होतो, आणि तेही अगदी क्षुद्र कारणासाठी.

आमच्या समितीनं एक पत्रक काढलं होतं. मजकूर सगळा माझा: देव्हारे काढा, कुंकू-अंगारे सोडा, मुलींना शाळेत घाला. सायकलवरून बाजारोबाजार वाटलंही मीच. बुद्धजयंतीच्या सभेत अध्यक्षांनी मंडपवाल्याचे, भोंगेवाल्याचे, पाणी भरणाऱ्याचे आभार मानले. माझं नाव नाही! समतेवर भाषणं ठोकणारा मी, पण श्रावण लागला तरी ते डोक्यातून जाईना. सांगायचीही लाज. शेवटी राजीनामा लिहून खिशात घातला आणि बालाघाटहून वारासिवनीला सचिवांकडे निघालो.

नदी ओलांडेपर्यंत ठीक होतो. पुढे हिव भरलं. दात वाजायला लागले, सायकल बांधावर गेली आणि मीही. राइस मिलमधून घरी परतणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं दंडाला धरून उठवलं. मी म्हणालो, "जातो मी, काही नाही झालं."

"हौ, दिसूनच राह्यलं," ती म्हणाली आणि मला आपल्या झोपडीत नेऊन निजवलं.

कूस वळवली तर समोर कुडाच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेलं आमचंच पत्रक. उलटं. त्यावर हळद-कुंकू, वर जास्वंदाचं फूल. अंगात ताप, तरी मी उसळलो.

"माय, याच्यातच लिवलं हाये का कुंकू सोडा! अना तू यालेच लावलं?"

"मले का मालूम का लिवलं हाये?" ती हसली. "बजारात मले पुडी असो का पैसा, समदे वरून टाकतेत. तू सायकलवरून उतरला, माय म्हणला, दोन्ही हातानं कागद देल्ला. मंग म्या फेकू कसा? तुहं त नावबी मले मालूम नाई."

मला ती भेट आठवतसुद्धा नव्हती.

पेजेसाठी तिनं चूल मांडली. लाकडं ओली. "खिशात कागद-बिगद हाये का रे? थो भिंतीवरचा नाई देणार मी." मी राजीनामा काढून दिला. चटकन पेटला.

मैत्रीभावनेच्या ध्यानात पहिली मंगलकामना स्वतःसाठी करायची असते. मला ती स्वार्थी वाटायची. ती गाळून मी थेट सकल जीवांवर यायचो. स्वतःला रिकामं ठेवून जगाला वाटत सुटलो होतो, आणि मग जगानं भरावं म्हणून रुसत होतो. त्या संध्याकाळी, पेज पोटात गेल्यावर, ती पहिली ओळ सावकाश म्हटली. त्रिशरण कितीदा तोंडानं म्हटलं असेल; पण कुणी उठवलं तर उठावं, भरवलं तर खावं, एवढं शरण जाणं तेव्हाच जमलं.

मदत ऐन वेळी कशी आली, याचा वाद मी घालत नाही. आली, एवढं खरं. भिंतीवरचं कुंकू मी पुसलं नाही. समितीनं हवं तर ठपका ठेवावा.

एक गोष्ट मात्र टोचते. नावासाठी रुसलेल्या मला तिचं नाव विचारायचं सुचलं ते सकाळी, निघताना. सुगंधाबाई. समितीच्या पुढच्या सभेत आभार मानायला मी उभा राहिलो, तेव्हा पहिलं नाव तेच घेतलं.