तिचा आवाज, माझ्या नोंदी

ग्रंथपाल सरांनी आम्हा दोघींना एकदमच केबिनमध्ये बोलावलं होतं. मी कॅटलॉगिंगला होते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड टाइप करायचं, त्यावर लेखक, विषय, क्रमांक घालायचा आणि ते खणात जागच्या जागी लावायचं, हे माझं काम. ती देवघेवीच्या काउंटरवर बसायची. वयानं माझ्याएवढीच, म्हणून बोलताना ‘मॅडम’ म्हणत असले तरी मनात मी तिला एकेरीच म्हणायचे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या विद्यापीठात डोळ्यांनी न दिसणारे विद्यार्थी वाढत होते, त्यांच्यासाठी अभ्यासाची पुस्तकं कॅसेटवर वाचून घ्यायची असं वरून ठरलं होतं.

“दोघी एकेक पान वाचून दाखवा,” सर म्हणाले.

इतिहासाचं पुस्तक होतं. मी आधी वाचलं. माझे उच्चार स्वच्छ आहेत, वाचन तिच्या दुप्पट आहे, एम.लिब.ला मी पहिल्या वर्गात आले आहे, हे सगळं तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी वाचत असताना सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मग तेच पान तिनं वाचलं. चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात धरून दारातच थांबला आणि पान संपेपर्यंत आत आला नाही. निकाल मला तिथेच कळला.

“मॅडम, वाचन तुम्हीच करा,” सर तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आणि कॅसेटचं कॅटलॉगिंग तुमच्याशिवाय कोण करणार?”

रडणाऱ्या मुलाच्या हातावर साखर ठेवावी तसं ते वाक्य होतं. मी हसून मान डोलावली.

कॅसेटची नोंद करणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पुस्तकाला पानं असतात, अनुक्रमणिका असते. कॅसेट म्हणजे नुसती काळी फीत. कोणतं प्रकरण कुठल्या कॅसेटच्या कुठल्या बाजूला सुरू होतं, आकृत्या सांगितल्या आहेत की गाळल्या आहेत, तळटीपा वाचल्या आहेत का, हे सगळं मी शोधून लिहायचे. आकृत्या-तळटीपांच्या खुणा तिनं पुस्तकातच पेन्सिलीनं केलेल्या असायच्या, म्हणून प्रत्येक बाजूची सुरुवात आणि शेवट तेवढा ऐकायचा आणि मधलं भर्रकन पुढे पळवायचं. मधलं ऐकायची मला इच्छाच नव्हती.

आणि प्रत्येक कार्डावर ‘वाचन’ असं लिहून पुढे तिचं नाव टाइप करायचं. पुढेपुढे टाइपरायटरवर माझी बोटं तिच्या नावाकडे आपोआप वळायला लागली. कार्ड करणाऱ्याचं नाव कार्डावर कुठेच नसतं. इतकी वर्षं ती गोष्ट मला कधी टोचली नव्हती, आता रोज टोचू लागली.

कॅसेट न्यायला येणाऱ्यांत एक बाई होत्या. एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. मूळच्या मालेगावकडच्या, जन्मापासून दिसत नव्हतं, नोकरी सांभाळून बी.ए. करत होत्या. सुट्टीच्या शनिवारी त्यांचा भाऊ त्यांना स्कूटरवरून आणून सोडायचा. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना राज्यशास्त्राच्या कॅसेट काढून दिल्या.

“यात आवाज कोणाचा आहे?” त्यांनी विचारलं.

“विषय नाही विचारलात?”

“विषय काय, परीक्षेला लागलाय. तो थोडाच बदलणार? आवाज सांगा.”

मी तिचं नाव सांगितलं. त्या खूश झाल्या. पुढच्या वेळेपासून त्या माझ्या टेबलापाशी येऊन आधी हेच विचारायच्या, “त्या बाईंचं नवीन काही आलं का?” जणू मी त्या बाईंची सेक्रेटरी.

एकदा त्या गावाकडची डाळिंबं घेऊन आल्या. पिशवी माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, “त्यांना द्या बरं का. दिवसभर बोलून बोलून घसा सुकत असेल.” मी पिशवी नेऊन दिली. जेवणाच्या सुट्टीत तिनं एक डाळिंब सोललं आणि अर्धे दाणे वाटीत घालून माझ्यापुढे ठेवले. “घ्या ना, आपल्या दोघींचंच काम आहे हे.” दाणे गोड होते, आणि मला त्या गोडपणाचाही राग आला. ती जरा तोऱ्यात वागली असती तर बरं झालं असतं, मत्सराला निदान धरायला काही तरी मिळालं असतं.

त्या रविवारी दुपारी इंदिरानगरच्या आमच्या घरी मी टेपरेकॉर्डर काढला आणि दार लोटून वाचायला बसले. शेजारच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, “कोणाला रागावतेयस?” मुलगी खो खो हसली. मी टेप बंद केला आणि भांडी घासायला घेतली. पुसून ठेवलेलीसुद्धा.

ग्रंथालयात आमच्या कॅसेटच्या खोलीच्या दारावर ‘अंध विभाग’ अशी पाटी होती. ऑपरेटरबाईंच्या भावानं ती कधी तरी त्यांना वाचून दाखवली असावी. आत येतायेताच त्यांनी विचारलं, “काय हो, विभाग आंधळा आहे का?” मी सरांशी बोलून पाटी बदलली आणि ‘श्राव्य विभाग’ अशी लावली. मला वाटलं, आता त्या माझं कौतुक करतील. त्या म्हणाल्या, “पाटी बदललीत, चांगलं केलंत. पण तुमच्याकडे एकंदर काय काय आहे, ते मला कसं कळायचं?”

“कार्डं आहेत ना. सगळं लिहिलंय.” बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांनी हात पुढे केला. मी खण ओढून त्यांच्यापुढे ठेवला. कार्डांच्या कडांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “एवढी? आणि मला तुम्ही सांगाल तेवढीच ठाऊक. तुम्ही घाईत असलात की दोन सांगता, निवांत असलात की पाच.”

खरंच होतं ते. मी जीव ओतून केलेल्या नोंदी ज्यांच्यासाठी केल्या त्यांनाच बंद होत्या. दोन दिवस विचार करून मी सरांकडे गेले. म्हटलं, कॅटलॉगच कॅसेटवर घेऊ या. प्रत्येक नोंद वाचायची, विषयवार. लोक ती कॅसेट घरी नेतील, ऐकतील आणि हवं ते मागतील.

सर एकदम खुलले. “उत्तम! मॅडमना सांगतो, सोमवारपासून वाचायला घेतील.”

मग मात्र माझा तोल गेला. “सर, नोंदी माझ्या आहेत. कल्पना माझी आहे. वाचणार मी!” माझा आवाज बाहेरच्या वाचन कक्षापर्यंत गेला असणार, कारण तिथली कुजबुज थांबली. सर गोंधळले. ती दारातच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “सर, त्यांनाच वाचू द्या.” तिनं दिलेलं मला नको होतं. मी म्हटलं, “नाही. दोघी थोडं थोडं वाचू. ज्यांना ऐकायचंय त्यांना ठरवू द्या.”

शनिवारी ऑपरेटरबाईंना बसवून आम्ही दोन्ही कॅसेट लावल्या. आधी तिची. अर्थशास्त्राच्या चार नोंदी तिनं अशा वाचल्या की पुढे काय होणार असं वाटावं. पण पुढे पाचवी नोंदच होती. मग माझी. सरळ, एका पट्टीत, विषय, नाव, लेखक, कॅसेट, बाजू.

ऑपरेटरबाईंनी कॅसेट संपायच्या आधीच हात वर केला. “यादीला यांचा घ्या.” बोट माझ्या दिशेला होतं. “त्यांच्या आवाजात यादी ऐकायला गोड लागते, पण संपणार कधी? यांचं कसं, बाजारात भाव ओरडल्यासारखं. पण एक अक्षर तुटत नाही. आमच्या एक्स्चेंजला असाच आवाज लागतो.”

मी जिंकले होते आणि माझे कान तापले होते. माझं माहेर नाशिकच्या कडेच्या मळ्यातलं. लग्नापर्यंत मी आईबरोबर फुलबाजारात बसायचे. “शेवंती घ्या, शेवंती” असं ओरडायचं, समोरच्या गर्दीतून आवाज पलीकडे पोचला पाहिजे. पुढे कॉलेजात गेल्यावर ‘लय’ आणि ‘नाय’ मी एकेक करून काढून टाकले होते. ग्रंथालयात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. न दिसणाऱ्या एका बाईंनी चार ओळींत ते ओळखलं आणि वर त्याचीच स्तुती केली. त्या दिवशी मला आनंद जास्त झाला की लाज वाटली, हे अजून सांगता येत नाही.

मी यादी वाचली. वर्षातून दोनदा नवी कॅसेट काढायची. विद्यार्थी मला ‘यादीवाल्या मॅडम’ म्हणू लागले. माझं एक नाव झालं होतं, तरी माझं मन निवलं नाही. यादी ऐकून लोक शेवटी मागायचे तो तिचाच आवाज.

दोन हजार साल उलटल्यावर तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि तिनं नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी ऑपरेटरबाई मुद्दाम रजा काढून आल्या. तोवर त्या एम.ए. झाल्या होत्या. बोलायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्याला रडू लागल्या. मी टाळ्या वाजवत होते आणि मनात येत होतं, मी गेले तर कोण रडेल?

ती गेल्यावर जुन्या कॅसेट घरघरायला लागल्या. सर म्हणाले, “आता तुम्हीच नव्यानं वाचा.” इतक्या वर्षांनी माझी पाळी आली. मी घरी सराव केला, ग्लासभर कोमट पाणी घेऊन रेकॉर्डिंगच्या खोलीत बसले आणि एक अख्खं पुस्तक वाचून काढलं. ऑपरेटरबाईंनी ते नेलं आणि लगेचच्या सुट्टीत परत आणलं.

“राग नका मानू,” त्या म्हणाल्या. “पण जुन्या आहेत त्याच द्या. घासलेल्या असल्या तरी चालतील.”

मी राग मानला नाही असं म्हणणार नाही. पण मी सरांकडे गेले आणि सांगितलं, नव्यानं काही वाचायचं नाही, तिच्याच कॅसेट सीडीवर उतरवून घेऊ. विद्यापीठाच्या स्टुडिओतला तंत्रज्ञ आणि मी कित्येक दिवस त्या खोलीत बसलो. उतरवताना पळवता येत नाही. जे मी कधी ऐकलं नव्हतं ते मधलं सगळं मला पहिल्यांदा ऐकावं लागलं.

ती पुस्तक वाचतच नव्हती, ती समोर बसलेल्या कोणाला तरी सांगत होती. अवघड वाक्य आलं की किंचित थांबायची, समोरच्याला कळलं का हे बघावं तसं. मानसशास्त्राच्या एका कॅसेटमध्ये तिला ठसका लागला. “थांबा हं, पाणी पिते,” ती म्हणाली. पेला ठेवल्याचा आवाज आला. “हं, कुठे होतो आपण?” आणि पुढे सुरू.

‘आपण’ हा शब्द माझ्या तोंडी त्या खोलीत कधीच आला नसता. मी वाचताना खोलीत एकटीच असायचे.

“हे कापून टाकू ना?” तंत्रज्ञानं विचारलं.

“नको. राहू दे.”

तोवर कार्डं जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि नोंद पडद्यावर भरायची होती. मानसशास्त्राच्या त्या पुस्तकाच्या नोंदीत ‘निवेदन’ या रकान्यात मी तिचं नाव टाइप केलं. मत्सर होताच, तो कुठे जाणार? पण त्याला निदान आता कारण कळलं होतं. खाली टिपेसाठी जागा होती. तिथे मी लिहिलं, ‘दुसऱ्या प्रकरणात निवेदिका पाणी पिण्यासाठी थांबतात. तो भाग तसाच ठेवला आहे.’ आणि पुढची नोंद उघडली.