विंकोच्या दोन फेऱ्या

योसो पेर्कोविचला इंजिनातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या मोटारींच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं. इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दोन दांडे, बसवायचे, बोल्ट आवळायचे, पिवळा ठिपका द्यायचा आणि इंजिन पुढे सरकवायचं. पुढच्या जागेवर विंको. तो पाना लावून इंजिन हाताने दोन वेळा फिरवायचा, कुठे अडत नाही ना ते बघायचा आणि निळा ठिपका द्यायचा. योसोने सव्वीस वर्षांत एकही इंजिन फिरवून बघितलं नाही. तिथे दुसऱ्याच्या कामाला हात लावणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. असल्या माणसाशेजारी चहाच्या सुट्टीत कुणी बसत नसे.

विंकोने योसोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कूम' म्हणायचे, आणि आमच्या क्रोएशियन लोकांत कूम सख्ख्या भावाहून जवळचा. कारखाना बंद पडला त्या दिवशी दोघं फाटकातून एकत्र बाहेर पडले. योसो रडला. विंकोने मात्र त्याची यथेच्छ टिंगल केली.

पुढे विंकोची फुप्फुसं गेली. नाकात नळी घालून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राही. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, अंकाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता महिने नाहीत, आठवडेच आहेत. ते विंकोने ऐकलं. त्याने योसोला बोलावून घेतलं आणि एकच मागणं केलं. शेडमध्ये चार वर्षं धूळ खात पडलेली त्याची गाडी चालू करायची आणि तिच्यातून त्याला एकदा कारखान्याच्या फाटकावरून खाडीपर्यंत न्यायचं. ते इंजिन दोघांच्याही हातांखालून गेलेलं. जुना पिवळा आणि जुना निळा ठिपका अजून त्यावर दिसत होता.

गाडीचे कॅमशाफ्ट झिजून गेले होते, आणि त्या जुन्या इंजिनाचे आता मिळतात कुठे! भंगारवाल्याकडे त्याच घराण्यातल्या नव्या इंजिनाचे होते. ते जुन्यात बसतात, हे योसोला पक्कं ठाऊक होतं. बसतातच. फक्त नव्याचे व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे जरा चढे असतात आणि दांड्यांच्या दातेरी चाकावरची जुळवायची खूण दोन दात पुढे असते; ती सवयीने जुन्यासारखी धरली तर व्हॉल्व्ह पिस्टनला अडतात.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर निघायचं ठरलं. शनिवारी सकाळी योसोने शेडमध्ये काम संपवलं. अंकाने विंकोला इस्त्रीचा शर्ट चढवून खिडकीशी बसवलं होतं, निदान आवाज तरी ऐकू दे म्हणून. भाजलेल्या मिरच्यांचा वास शेडपर्यंत येत होता. योसोने शेवटचा बोल्ट आवळला, दाराच्या रंगाच्या डब्यातून पिवळा ठिपका दिला, हात पुसले आणि एक पाऊल मागे सरकला. त्याच्या दृष्टीने इंजिन पुढे गेलं होतं. पुढे कुणीच उभं नव्हतं, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही.

तो गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

तो आवाज ज्याने आयुष्यात एकदा ऐकला तो विसरत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले, वाकले आणि इंजिन जागच्या जागी गप्प झालं. योसोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग उठून तो आत गेला, कारण न जाऊन करणार काय?

विंकोला काही सांगावं लागलं नाही. त्याने नळी जरा बाजूला केली.

"कूम, हाताने फिरवून बघितलं होतंस का?"

योसोला खोटं बोलता आलं नाही. "नाही रे. ते तुझं काम ना."

विंको हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. अंका धावली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "खरंय. माझंच होतं. मीच जागेवर नव्हतो." आणि त्याने योसोच्या हातावर हात ठेवला. योसो म्हणतो, त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी अंकाचा भाऊ आपली गाडी घेऊन आला. विंकोने नको म्हटलं. गुरुवारी तो गेला. योसोने शववाहिनीच्या ड्रायव्हरला हात जोडून कारखान्याच्या रस्त्याने न्यायला लावलं. फाटकाला साखळी होती, आत गवत माजलं होतं. योसो पुढच्या सीटवर बसून होता. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

महिनाभराने तो पुन्हा शेडमध्ये आला. ही गाडी आता कुणासाठी करतोयस, असं अंकाने विचारलं. त्याने नवे व्हॉल्व्ह घातले, खूण दोन दात मागे घेऊन जुळवली, बोल्ट आवळले, पिवळा ठिपका दिला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने विंकोचा पाना उचलला, बोल्टला लावला आणि इंजिन हळूहळू फिरवलं. एक फेरी, दुसरी फेरी. कुठेच अडलं नाही.

त्या दोन फेऱ्यांना मिनिटभरही लागलं नाही.