मालनबाईच्या डोक्यावरची माती

मालनबाईची मान जराशी डावीकडं कललेली हाय. जन्मापासून न्हाई. नऊ वर्षं दर रविवारी टेकडीतली माती डोक्यावरून वाहिली, त्यानं कलली. गावात नवं माणूस आलं की विचारतं, बाईच्या मानेला काय झालं? मंग सगळे माझ्याकडं बघतात. मी सांगतो. न सांगून जाऊ कुठं?

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तवा आमी परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा व्हायचाच होता. वारंगा फाट्याहून आत आमचं गाव, आन गावाच्या मागं टेकडी. टेकडीच्या पोटात दगडात कोरलेली एक खोली हाय. किती जुनी, कोणालाच माहीत न्हाई. शेळ्या बसायच्या तिथं. बुद्धपौर्णिमेला बौद्धवाड्यातले लोक झाडून-पुसून वंदनेला बसायचे, पण खोली एवढीशी, की वीस माणसं आत आन बाकीचे उन्हात. खोलीच्या मागच्या भिंतीला एक बुटकं दार होतं, गळ्यापर्यंत मातीनं बुजलेलं.

आमच्या शाळेवरच्या भीमराज गुरुजीला वाटायचं, त्या दारामागं मोठी खोली असंल. ती मोकळी झाली तर कोणाला उन्हात बसायला लागायचं न्हाई. गुरुजी खटपट्या माणूस. पण नुसत्या गुरुजीच्या वाटण्यावर कोण कुदळ उचलतंय? त्यानं सोनाजीला बोलावलं.

सोनाजी म्हणजे मालनबाईचा नवरा. माझ्याबरोबर तिसरीपर्यंत शाळेत होता, मंग विहिरी खोदायला लागला. तो जमिनीला कान लावायचा, दगड चाखायचा आन सांगायचा, इथं पाणी हाय, इथं न्हाई. लोक त्याच्या शब्दावर घरातलं सोनं मोडून विहिरी काढायचे. त्याचा शब्द म्हणजे तेवढा होता.

तर सोनाजी आला. बुजलेल्या दाराच्या वर तळहाताएवढी फट होती. त्यानं रॉकेलची चिमणी पेटवली आन फटीपाशी धरली. ज्योत बाहेरच्या अंगाला वाकली. चांगली आडवी झाली, आमी सगळ्यांनी बघितली.

"गुरुजी," सोनाजी म्हणला, "आतून वारं येऊन राहिलं. ही वाट टेकडीच्या आरपार हाय. पल्याड उघडं तोंड हाय हिला."

बस्स. त्या एका ज्योतीवर चाळीस माणसं लागली कामाला. रविवारी गुरुजीच्या शाळेला सुट्टी, म्हणून रविवार. वारंगा फाट्यावरचा नासेर लोहार कुदळी-पहारींना फुकट धार लावून द्यायचा, आन वर सोताच पहार घेऊन यायचा. सोनाजीचा नेम असा, की आधी चिमणी पेटवायची, सगळ्यांना ज्योत दाखवायची, आन मंगच पहिली कुदळ मारायची. "बघा, वाकली," म्हणायचा. पोरं हसायची. पण त्या वाकलेल्या ज्योतीनं सगळ्यांच्या अंगात बळ यायचं, खोटं काहून बोलू?

आता मी तिथं काहून गेलतो, ते सांगतो. मला ना वंदना करायची होती, ना जुन्या गोष्टींचं वेड. टेकडीच्या मागच्या अंगाला माझं हळदीचं वावर. त्या अंगाला घाणेरीच्या झुडपात, एका मोठ्या धोंड्याखाली, सायाळीचं बीळ होतं. सायाळ म्हणजे ते काटेवालं जित्राब, साळींदर. कुरुंद्याहून मी निवडून बेणं आणायचो, जीव लावायचो, आन हे मुडदं गड्डे उकरून टाकायचं. खायचं कमी आन नासायचं जास्त. बीळ बुजवायला मी दोनदा दगड टाकले, तिसऱ्या दिवशी बाजूनं पुन्हा उकरलेलं.

आन इथं फुकटची माती निघून राहिली होती, टोपल्यानं!

आतली माती बाहेर द्यायला बायामाणसांची रांग. रांगेच्या शेवटी मालनबाई. ती टोपलं डोक्यावर घ्यायची, टेकडीला वळसा घालायची आन मागं जाऊन टाकून यायची. कुठं टाकायची, ते मी ठरवलं. मी म्हणलो, घाणेरीत टाका, जवळ हाय, चालणं वाचंल.

पहिल्याच दिवशी मालनबाईनं बीळ बघितलं आन टोपलं डोक्यावर तसंच धरून उभी राहिली.

"भावजी, इथं तर जित्राब राहतंय. ते कुठं जाईल?"

"जाईल सासरी," मी म्हणलो. मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. मालनबाईबी हसली आन तिनं टोपलं रिकामं केलं.

त्याच दिवशी दुपारी भाकरी खाताना सोनाजीनं मला विचारलं. विहिरीवाला माणूस, त्याला माती टाकायची अक्कल आमच्यापेक्षा जास्त. म्हणला, "तातेराव, माती टाकता तिथं काही भोक, काही कपार न्हाई ना? बघून टाका. न्हाई तर सरळ खालच्या नाल्यात न्या."

खालचा नाला दुप्पट लांब. आन माझी सायाळ कोण बुजवणार?

"काही न्हाई तिथं," मी म्हणलो, "घाणेरीचा बुडखा हाय नुसता."

एवढंच बोललो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता बोललो, आन इसरून गेलो.

सोनाजीनं ती जागा कधी बघितली न्हाई. तो सकाळी आत शिरायचा ते दिवस मावळायला बाहेर यायचा, मातीनं भरलेला, डोळे तेवढे दिसायचे. मालनबाई कधी आत गेली न्हाई, तिचं काम बाहेरचं. आत वाट वाकडीतिकडी, माणूस कोणीकडं चाललाय ते कळत न्हाई. खोदणारे आत, टाकणारे बाहेर. पुढच्या हंगामात माझी हळद एकदम चोख आली. मी तर खुश.

सत्त्याण्णवची दिवाळी झाली. पहिल्या रविवारी सोनाजीनं चिमणी धरली. ज्योत सरळ उभी राहिली.

त्यानं चिमणी फिरवली, खाली धरली, वर धरली. सरळच. "आज हवा पडलीय," तो म्हणला. पुढच्या रविवारीबी हवा पडलेली. त्याच्या पुढच्याबी. महिनाभरानं त्यानं चिमणी आणायचीच सोडून दिली, आन कोणी विचारलं न्हाई.

मंग लोक गळायला लागले. आज याची सोयरीक, उद्या त्याचं पाणी द्यायचं. चाळीसाचे वीस झाले, विसाचे आठ. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीत कोणीतरी बोललं, "ज्याला वाऱ्याचं कळंना, त्याला पाण्याचं काय कळंल?" तिथं सोनाजी बसला होता. कप खाली ठेवून उठून गेला. तवा बोअरची मशीन गावोगाव फिरायला लागली होतीच. त्यात हे बोलणं. त्याला विहिरीला बोलावणं बंद झालं. आयुष्यभराचा शब्द एका चिमणीच्या ज्योतीपायी मातीत गेला.

तरी तो रविवारी जायचाच. आता तर हट्टानं खोदायचा. दगडाची धूळ छातीत बसलेली, चार कुदळी मारल्या की खोकत बसायचा. मालनबाई बाहेरून आवाज द्यायची, "बस करा की आता!" आतून उत्तर यायचं न्हाई, भरलेलं टोपलं यायचं. ती उचलायची आन वळसा घालून टाकून यायची. घाणेरी कधीच गडप झाली होती. धोंडाबी गडप झाला होता. मातीचा ढीग असा थोराड, की पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची.

नव्याण्णवला हिंगोली जिल्हा झाला. गावात गुलाल उधळला. त्याच पावसाळ्यात सोनाजी गेला.

जायच्या दोन दिवस आधी मी भेटायला गेलतो. खाटेवर नुसती हाडं. मालनबाई उशाला बसलेली. त्यानं माझा हात धरला.

"तातेराव, ज्योत वाकली होती ना रे? तू बघितली होती ना?"

"व्हय. मी बघितली होती."

"मंग वारं गेलं कुठं?"

आईच्यान सांगतो, तवा मला ती सायाळ सुचली न्हाई. सुचली असती तर मी बोललो असतो का, ते मला आजबी माहीत न्हाई.

"चुकलो असंल मी," सोनाजी म्हणला, आन भिंतीकडं तोंड केलं.

तेराव्या दिवसाची वाट न बघता पुढच्या रविवारी मालनबाई टोपलं घेऊन टेकडीवर हजर. गुरुजी, नासेर, मी आन ती. चौघं. मी म्हणलो, वैनी, आता काहून? कोणासाठी?

"मरताना ते सोताला चुकलो म्हणले," ती म्हणाली. "खरंच चुकले का, तेवढं बघायचंय मला. चुकले असतील तर चुकले. पण बघितल्याबिगर न्हाई."

बघता बघता चार वर्षं गेली. काय सांगू तुम्हाला त्या रविवारांचं! सहा दिवस रानात मोडायचं आन सातव्या दिवशी टेकडीत. गुरुजीची कंबर गेली. नासेर बोलायचा बंद झाला, नुसती पहार मारायचा, मधूनच "या अल्लाह" म्हणून बसायचा. मी दर शनिवारी ठरवायचो, उद्या जायचं न्हाई. रविवारी सकाळी मालनबाई दारावरून जायची, टोपलं काखेला, मान तेवढी कललेली. हाकबी मारायची न्हाई. मी उठून मागं जायचो. शिव्या देत जायचो, पण जायचो.

दोन हजार तीन साल, होळीच्या पुढचा रविवार. नासेरनं पहार मारली आन ती हातभर आत गेली. तो पडता पडता राहिला. आजवरची माती जुनी, दगडासारखी बसलेली. ही मोकळी होती, भसाभस खाली आली.

आता रांग न्हाई उरली, म्हणून मालनबाई आतच यायची टोपलं भरायला. तिनं दोन फावडी ओढली आन थांबली. मातीतून तिनं एक चुंबळ काढली. डोक्यावर टोपल्याखाली घेतात ती कापडाची गुंडाळी. कुजलेली, पण रंग वळखू येत होता. हिरवी, लाल काठाची.

तिनं ती उजेडाला धरली. उलटी केली, सुलटी केली.

"ही माझी हाय," ती म्हणाली.

"वैनी, काय बोलता? आपण टेकडीच्या पोटात हाव."

"माझ्या लुगड्याची हाय. पयल्याच साली टोपल्याबरोबर खाली गेली होती. मी म्हणलं, जाऊ दे, कोण उतरतंय."

नासेरनं हात घालून अजून काढलं: बिडीच्या पुडक्याचा कागद, चहाची फुटकी कपबशी. गुरुजीनं ती कपबशी हातात घेतली आन खालीच बसला. शाळेतलीच होती, त्यानंच कामावरच्या चहाला आणलेली.

त्या मातीखाली काय होतं, ते मालनबाईनं आन मी बघितलं होतं; सोनाजीनं काय विचारलं होतं, ते त्या चौघांत मला एकट्यालाच माहीत होतं.

"हे सायाळीचं बीळ हाय," मी म्हणलो. "पल्याडचं तोंड हेच. आपणच बुजवलं. धोंड्याच्या फटीतून येत होतं तेवढं वारंबी आपणच बंद केलं."

चिमणीचा तेवढा फरफर आवाज. मालनबाईनं चुंबळ मांडीवर ठेवली, तिच्यावरची माती एका बोटानं झाडली.

"म्हणजे त्यांचं बराबर होतं," ती म्हणाली. "आन मीच..." तिनं सोताच्या दोन्ही हाताकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

"त्यांनी विचारलं न्हाई तुम्हाला? ते विचारल्याबिगर राहणारे न्हाईत."

"विचारलं होतं. भोक-कपार असंल तर माती नाल्यात न्या, म्हणला होता."

"मंग?"

"मी म्हणलो, काही न्हाई तिथं."

मला वाटलं, आता ही मला फाडून खाईल. खायला पायजे होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पदर झाडला आन बाहेर गेली. टोपलं तिथंच राहिलं.

पुढच्या रविवारी मी टेकडीच्या मागं गेलो, तर ती ढिगावर उभी. पायाशी रिकामं टोपलं, आन त्यात ती हिरवी चुंबळ.

"माझी मान गेलीय," ती म्हणाली. "आता तुमी उचला. ते म्हणले होते तिथं न्या, नाल्यात."

मी चुंबळ डोक्यावर ठेवली आन टोपलं उचललं. नासेर भरून द्यायचा, मी न्यायचो. गावातली माणसं यायची, ढिगाच्या कडेला उभी राहून बघायची. कोणी म्हणलं, तातेराव, ट्रॅक्टर लावू. मी न्हाई म्हणलो. उन्हाळा गेला, पावसानं माती चिखल झाली, टोपलं दुप्पट जड झालं. हळदीला कोळप्याची पाळी घालायची राहिली, बायको रोज भांडली. माझीबी मान दुखायला लागली, ती आजवर दुखते.

मालनबाई दर रविवारी आतल्या अंगाला जाऊन बसायची, बुजलेल्या मातीसमोर, चिमणी घेऊन. आमी बाहेर, ती आत. मधी उरलेली माती.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. धोंडा मोकळा झाला होता. नासेरनं धोंड्याखाली पहार घालून हलवली, आन मी भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन वळलो. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला. बाईमाणसाचा, चिरका, रडका.

"भावजी! ओ भावजी! वाकली! ज्योत वाकली!"

मोठी खोली-बिली काही निघाली न्हाई. नुसती वाट निघाली, या तोंडातून त्या तोंडाला. पौर्णिमेला बाकीचे लोक आता त्या वाटेत बसतात. वारं येतं, बरं वाटतं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी नासेर पहार टाकून आत पळाला, गुरुजी कंबर धरून त्याच्या मागं. मी तिथंच उभा राहिलो. डोक्यावरचं टोपलं खाली ठेवायचं मला सुचलंच न्हाई.