मागे घोडा धरून उभा असलेला माणूस

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, सौदीहून परतलेले आम्ही म्हातारे लग्नाकार्यात भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "चाचा, त्या पिक्चरवर रुसलेल्या बंगाल्याचा आवाज काढून दाखवा ना." त्या बंगाल्याला विनोद कळत नसे, अशी गोष्ट गावभर झाली आहे. ती धादांत खोटी आहे.

सौदीत रास तनुराच्या रिफायनरीच्या कॅम्पात शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर जेवून आम्ही व्हीसीआरवर जुने, स्वस्तातले काउबॉय पिक्चर लावायचो. इंग्रजी मला येई, म्हणून टीव्हीशेजारी उभं राहून संवाद हिंदीत सांगायचं काम माझं. प्रत्येक पिक्चरात तेच खडक, तेच घोडे. रेड इंडियन म्हणून गोऱ्यांनाच तपकिरी रंग फासलेला, तोही मानेपाशी संपलेला. काळा माणूस सामान उचलायला, चिनी कपडे धुवायला. खरा रेड इंडियन असलाच तर एखादा, मागे घोडा धरून उभा. जमीन त्यांची, आणि वाट्याला लगाम. संताप यावा अशी गोष्ट, आणि आम्ही हसत होतो. आम्ही कोण, तर ज्यांना साहेब बॅजच्या नंबरानं हाक मारायचा.

ढाक्याकडचा एक पाइप फिटर माझ्याच खोलीत राहायचा, माझ्याच ताटात जेवायचा. एका शुक्रवारी त्यानं विचारलं, "भाई, वो पीछेवाला क्या बोला?"

"कुछ नहीं बोला."

"पूरा पिक्चर में?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या मुक्या माणसाच्या तोंडी ह्या फिटरचीच बंगाली वळणाची हिंदी घातली. "हाम कुछ नेही जानता शाब, हाम घोड़ा पाकड़ेगा."

लोक हसून लोळले. तोही थोडा हसला आणि ताट धुवायला उठला. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. पण मेसमध्ये, बसमध्ये त्याचं नाव 'घोडा' पडलं ते पडलंच.

तेव्हा सौदीकरण चालू होतं. आज याची जागा स्थानिक माणसाला, उद्या त्याची. आमच्या टोळीतून एक फिटर कमी करायचा होता. फोरमन आमच्याच किनाऱ्यावरचा. कोणाला काढायचं, यावर त्यानं डोकंसुद्धा खाजवलं नाही. "घोड्याला जाऊ दे," म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. तो बंगाली माझ्याआधीपासून तिथं होता, घरी बायको आणि तीन मुली होत्या, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ते विचारावंसंही वाटलं नाही.

विमानतळाच्या बसमध्ये चढताना तो मला म्हणाला, "भाई, वो चुप था, ठीक था. तुम उसको मेरा आवाज काहे दिया?"

परवाच्या लग्नात पुन्हा फर्माईश झाली. मी म्हटलं, "तो रुसला नव्हता. आपण त्याची नोकरी घालवली."

"चाचा, गंमत होती ती," पुतण्या म्हणाला.

मी तो बंगाल्याचा आवाज काढला नाही. मग पुतण्यानंच काढला. कधी सौदी न पाहिलेल्या त्या पोरानं तो हुबेहूब माझ्यासारखा काढला, आणि सगळा मांडव हसला.