माहेरचा गेम, सासरचा टीव्ही

घरात नवा चपटा टीव्ही आला आनि मी भावाचा जुना कॅसेटवाला गेम माहेरून आनून त्याला लावला. पडदा नुसता निळा! मला वाटलं टीव्ही जळला. सासू धसईच्या बाजाराला गेलेली, कधी पन येईल. पोर कडेवर घेतलं नि पळत जाऊन नाक्यावरच्या टीव्हीवाल्याला घेऊनच आले.

त्यानं दारावर मारतात तशा टीव्हीला दोन टिचक्या मारल्या. मग कान लावला.

"गेम कुठला?"

"माहेरचा."

"मग! सासरी पयल्या दिवशी कोन तोंड उघडतंय गो?" असं बोलून तो रिमोटनं चॅनेल शोधत बसला. जरा खरखर झाली नि गेमातला मानूस उड्या मारायला लागला. हा पन बटनं दाबत खेळायलाच बसला.

तेवढ्यात सासू दारात. "ह्यो कोन गो?"

तो मान न वळवता बोलला, "टीव्ही तपासतोय, मावशी. नवा हाय तवर बघून घ्या, असं तुमची सून बोलली. शानी हाय."

सासूनं माझ्याकडं बघितलं. "चाय टाक त्याला," बोलली.

लगीन होऊन पोर झालं, पन त्या घरात मला शानी बोलनारा तो पयलाच मानूस.