पंपाची तहान

मोटर फिरून राहिली, पण पाणी येईना. जळक्या दोरीचा वास सुटला तशी मी धावत जाऊन बटन बंद केलं. आत पाणी न भरताच पंप चालू केला होता मी. कडेवर लेकरू, वाफ्यात वांग्याची रोपं माना टाकून राहिली.

त्या वासानं मले बाबा दिसले; लहानपणीबी मी असाच कोरडा पंप चालू केला होता. वरूडचा संत्र्याचा बगीचा, मी सातवीतून शाळा सोडलेली. बाबानं पंप खोलून माहा हात आत ठेवला. वाकड्या पात्यांचा थंडगार पंखा लागला.

"पाणी मधात येते, पंखा त्याले कडेले फेकते, म्हणून ते वर चढते. कोरडा फिरला तं नुसती हवा घुसळते. आंदी त्याले पाज, पोरी."

मग बाबानं पंप बसवून आपल्या पिण्याच्या पाण्याची घागर त्यात ओतली.

"बाबा, पंपाले तहान लागते का?" मी हासली. बाबा दिवसभर तहानलेले रायले, हे मले आज समजलं. आता विचारू कोनाले, बाबाच नाहीत.

मीबी आपली पिण्याची घागर पंपात ओतली. जराशी कमी पडली. लेकराची पाण्याची बाटली तेवढी उरली, अन् तिच्यावर त्याचा हात. बायांनो, माह्या जागी तुमी असत्या तं काय केलं असतं?